तो मळ नव्हता

शनिवारी सकाळी नातवाला तेल लावून न्हाऊ घालणे हे आमच्या घरात माझे काम. मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरीला. आठवडाभर त्याची आंघोळ शाळेच्या घाईत उरकली जाते, म्हणून शनिवारी तरी ती यथासांग व्हावी असा माझा हट्ट असे. त्याला आठ वर्षे पूर्ण होऊन नववे लागले, त्या सुमारास एका शनिवारी मला त्याच्या मानेच्या मागच्या बाजूला एक काळपट पट्टा दिसला. उन्हाळ्याचे दिवस होते. घाम आणि धूळ यांचा मळ साचला असेल असे वाटून मी डाळीच्या पिठात साय आणि हळद कालवली आणि मान घासू लागले. पट्टा निघेना. पुढच्या शनिवारी मी अधिक जोर लावला. त्याच्या पुढच्या शनिवारी तो कळवळून म्हणाला, "आजी, दुखतंय गं. राहू दे ना." मी उलट त्यालाच रागावले, "नीट आंघोळ करत नाहीस, म्हणून ही वेळ येते."

पुढे आषाढात त्याला ताप आला आणि आम्ही बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. ताप साधाच होता. परंतु तपासताना त्यांनी त्याची मान थोडी वाकवून पाहिली, काखेतही पाहिले आणि मला विचारले, "आजी, हे केव्हापासून आहे?" मी ओशाळून म्हटले, "कितीही घासले तरी मळ जातच नाही." त्यावर त्या हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "हा मळ नाही. कृपा करून घासू नका."

त्या दिवशी मला एक नवे नाव कळले – अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स. मानेच्या, काखेच्या वळ्यांत त्वचा जाडसर, मखमलीसारखी आणि काळपट होते. वजन वाढलेल्या मुलांत हे चिन्ह दिसले, तर बहुधा त्याचा अर्थ असा, की शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही. म्हणून स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्सुलिन तयार करावे लागते. त्या वाढलेल्या इन्सुलिनचा परिणाम त्वचेवर उमटतो. रक्तातली साखर अजून वाढलेली नसते, पण शरीर आधीच सूचना देत असते. मी ती सूचना तीन महिने पिठाने घासून पुसू पाहत होते.

मधुमेह आमच्या घराला नवा नाही. यांना तो बेचाळिसाव्या वर्षी झाला. आधी पायाच्या जखमा, मग डोळे, शेवटी मूत्रपिंडे. सतरा वर्षे मी त्या आजाराची शुश्रूषा केली आणि सहा वर्षांपूर्वी हे गेले. त्या घराण्यातला हा मुलगा. दवाखान्यातून परतताना रिक्षात तो माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपी गेला होता आणि माझ्या मनात एकच विचार घोळत होता : जो आजार मी इतक्या जवळून पाहिला, त्याच्याच वाटेवर मी माझ्या हाताने याला नेऊन सोडले की काय?

मी हे ‘माझ्या हाताने’ उगाच म्हणत नाही. नातू जन्मला तेव्हा त्याचे वजन जेमतेम सव्वादोन किलो होते. पाहायला येणारे म्हणत, "किती किरकोळ आहे हो!" ते शब्द मला लागत. सूनबाईची रजा संपली आणि बाळ माझ्या स्वाधीन झाले, तेव्हा मी मनाशी ठरवले, की याला गुटगुटीत केल्याशिवाय राहायचे नाही. आपल्या पिढीत ‘गुटगुटीत’ आणि ‘बाळसेदार’ हे शब्द म्हणजे आईआजीच्या कष्टाला मिळालेले प्रशस्तिपत्रच. तूप, लोणी, शिरा, साखर घातलेले दूध, वर बिस्किटे. ताटातले सर्व संपल्याशिवाय उठायचे नाही हा नियम. वर्षभरात बाळ भरले. शेजारणी गालगुच्चे घेऊ लागल्या आणि मी कृतकृत्य झाले.

लहान जन्मलेल्या मुलाला घाईघाईने फुगवणे हिताचे नसते, हे मला फार उशिरा कळले. आणि त्याविषयीचे मोलाचे संशोधन आमच्याच पुण्यात झाले आहे, हेही. येथील के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील बालकांशी केली. आपली बाळे सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची. आपली बाळे स्नायूंनी कमी होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखून होती. दिसायला बारीक, आतून मात्र चरबीची. सन 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले होते. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक 22.3, पण शरीरातील चरबी एकाची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2 टक्के. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 साली मुलांच्या वाढीचे जे तक्ते सुधारले, त्यांत वजनाच्या धोक्याच्या रेषा आपल्या लोकांसाठी अधिक खाली आखल्या आहेत. ‘अंगाने थोडा भरलेला आहे, एवढेच’ असे आपण ज्याला म्हणतो, तो या तक्त्यावर कदाचित धोक्याची रेषा ओलांडूनही गेलेला असतो.

परंतु दोष केवळ ताटाचा नव्हता. डॉक्टरांनी विचारले, "दिवसभरात तो धावतो किती?" मी उत्तर शोधू लागले आणि मला ते सापडेना. शाळेची बस दारात येते. चौथ्या मजल्यावर लिफ्ट नेते. शाळा सुटल्यावर शिकवणी. सोसायटीत मुलांनी खेळायची म्हणून जी जागा होती, तिथे आता मोटारी उभ्या असतात. हे सगळे खरे. पण याहून मोठे एक कारण होते आणि ते मी होते. दुपारी दोन ते संध्याकाळी सात हे मूल माझ्या ताब्यात असे. त्या पाच तासांत माझ्या तोंडी असलेली वाक्ये आता आठवली, की मन खजील होते. "धावू नकोस, पडशील." "उन्हात जाऊ नकोस." "जिन्यावरून उड्या मारू नकोस." त्याला खरचटले, हात मोडला, तर संध्याकाळी सूनबाईला काय तोंड दाखवू, ही भीती माझ्या मनात सतत असे. दुसऱ्याची ठेव सांभाळावी तसे मी त्याला सांभाळत होते. हातात मोबाईल दिला, की तो माझ्या नजरेसमोर सोफ्यावर बसून राहतो, पडत नाही, हरवत नाही. हा मला केवढा दिलासा वाटे! नातवंडे सांभाळणाऱ्या माझ्या समवयस्क भगिनींना ही भीती ओळखीची वाटेल.

तपासण्या झाल्या. साखर मर्यादेत होती. यकृतावर मात्र चरबीची थोडी छाया होती. वजन 43 किलो, उंची 132 सेंटिमीटर. डॉक्टरांनी औषध दिले नाही, उपाशी ठेवायला सांगितले नाही. त्या म्हणाल्या, "वाढत्या मुलाचे वजन घाईने उतरवायचे नसते. ते आहे तिथे थोपवून धरा. उंची वाढेल आणि शरीर आपोआप सावरेल. आणि त्याला रोज किमान एक तास दम लागेल असे खेळू द्या." पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

घरी आल्यावर आम्ही सर्वांनी मिळून, अगदी चांगल्या हेतूने, सगळे चुकीचे केले. मुलाने एक क्रीडावर्ग लावून दिला; चार दिवसांनी नातू पोट दुखते म्हणू लागला. मी पहाटे उठवून सूर्यनमस्कार घालायला लावले. माझे वडील औंध संस्थानातल्या शाळेत शिकलेले. त्या संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून रुजवला होता आणि वडिलांनी तो आयुष्यभर आनंदाने घातला. मला वाटले, तेच मी करते आहे. परंतु मी समोर बसून आकडे मोजत होते आणि तो रडत वाकत होता. आठव्या नमस्काराला तो थांबला आणि म्हणाला, "मी काय केलंय, म्हणून मला शिक्षा?" मी निरुत्तर झाले. शाळेत चूक झाली की उठाबशा, उशीर झाला की मैदानाला फेऱ्या. व्यायाम म्हणजे शिक्षा हे आपणच मुलांना शिकवले. मग व्यायाम आवडत नाही म्हणून तक्रारही आपणच करतो.

खरा उलगडा मात्र त्यानंतर झाला. एकदा सूनबाईने त्याला जवळ घेऊन विचारले, "खाली खेळायला का जात नाहीस, बाळा?" बऱ्याच वेळाने तो पुटपुटला, "तिथं सगळे मला लाडू म्हणतात." मी स्वयंपाकघरात होते. हातातली पळी तशीच राहिली. ‘लाडू’ हे नाव त्या मुलांनी शोधलेले नव्हते. ते माझे होते. रोज संध्याकाळी चौथ्या मजल्याच्या सज्जातून मी प्रेमाने हाक मारत असे, "लाडू, दूध प्यायला वर ये रे!" ती हाक खालच्या मुलांनी उचलली होती, आणि त्या हाकेमुळे माझा नातू दीड वर्ष मैदान टाळत होता.

त्या रात्री मी त्याच्या अंथरुणाशी बसले आणि त्याची क्षमा मागितली. नातवाची क्षमा मागण्याची आपल्याकडे रीत नाही; पण मागितली. म्हटले, "यापुढे तुला तुझ्या नावानेच हाक मारीन. आणि उद्यापासून मी तुझ्याबरोबर खाली येईन." तो म्हणाला, "तुला कुठं धावता येतंय?" मी म्हटले, "नाही येत. मी चालेन, तू धाव."

आम्ही सुरुवात भाजीपासून केली. मंडईपर्यंतचा रस्ता पाऊण किलोमीटरचा. माझे वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, चाल मुंगीची. त्याला माझ्या गतीने चालणे असह्य होई. म्हणून तो पुढच्या झाडापर्यंत पळत जाई आणि मी कुठवर आले हे पाहायला परत येई. मी एकदा जाईपर्यंत त्याचे तीनदा जाणेयेणे होई. कोणी मोजत नव्हते, कोणी ‘पळ’ म्हणत नव्हते. येताना मेथी-पालकाची पिशवी त्याच्या हाती. आजीला आपली गरज आहे ही जाणीव त्याला कोणत्याही बक्षिसाहून अधिक आवडली, असे मला वाटते. परतल्यावर लिफ्टने मी, जिन्याने तो. वर आधी कोण पोहोचते याची पैज. पहिल्या आठवड्यात मी जिंकत असे. महिन्याभराने तो दारात उभा राहून मला हसू लागला.

मग खेळ. दुपारी चार ते सहा या वेळात मोटारी कामावर गेलेल्या असतात आणि तळाची जागा मोकळी असते, हे मी हेरून ठेवले. खडूने ठिकरीची घरे आखून दिली. फरशीच्या सात तुकड्यांची लगोरी रचली. आरंभी आम्ही दोघेच होतो. तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या दोन मुली आल्या, आठवड्याभरात नऊ मुले झाली. आणि मला एक नवलाची गोष्ट दिसली. पळण्यात माझा नातू सर्वांच्या मागे होता, पण त्याचा नेम अचूक होता. लगोरी फोडायची तर चेंडू त्याच्याच हाती द्यावा, असे मुले म्हणू लागली. ज्या मुलांनी त्याला चिडवले, तीच त्याला आपल्या गटात घेण्यासाठी भांडू लागली. जाड मुलाला आपण बहुधा तो जिथे हमखास हरेल अशाच खेळात ढकलतो. त्याचा बळकट खांदा, त्याचा नेम, त्याची पोहण्यातली तरंगण्याची सहजता यांचा उपयोग होईल असा खेळ आधी द्यावा. खेळात एकदा मान मिळाला, की पळणे मागोमाग येते.

घरातही बदल केले. परंतु एक पथ्य कटाक्षाने पाळले. ‘त्याच्यासाठी वेगळे’ असे काही शिजवले नाही. जे बदलले ते सर्वांचे बदलले. दुधातली साखर आणि डब्यातली गोड पावडर गेली. बिस्किटांच्या जागी भाजलेले चणे-शेंगदाणे, पेरू, ताक आले. थालीपीठ राहिले, सणाची पुरणपोळीही राहिली. ‘ताट संपव’ ऐवजी ‘पोट भरले का?’ असे मी विचारू लागले. जेवताना पडदा नाही, हा नियम माझ्या मालिकेलाही लागू झाला. तो मला त्याच्याहून जड गेला. रात्री साडेनऊला दिवे बंद. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तासांची झोप हवी असते. अपुरी झोप भूक वाढवते. आणि वजनकाटा कपाटावर ठेवून दिला. तो आता केवळ दवाखान्यातच पाहायचा. घरी मी शिवणकामाची टेप वापरते. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा साधा हिशेब कुठल्याही आजीला जमेल.

दहा महिने झाले. उंची साडेचार सेंटिमीटर वाढली, वजन अवघे एक किलो. कंबर अजूनही निम्म्याच्या वरच आहे, पण पूर्वीइतकी नाही. मानेवरचा पट्टा फिकट झाला आहे, गेलेला नाही. डॉक्टर म्हणतात, "दिशा बरोबर आहे, वाट लांब आहे." मला ते पुरेसे वाटते. यांच्या आजारात वाट लांब होती आणि दिशाही हातात नव्हती.

माझ्यासारख्या नातवंडे सांभाळणाऱ्यांना अनुभवाचे चार शब्द सांगते. मुलाच्या मानेवर, काखेत असा काळपटपणा दिसला, तर घासू नका, डॉक्टरांना दाखवा. त्यांच्याकडे वाढीचा तक्ता मागा आणि आपले मूल त्यावर कुठे आहे हे समजून घ्या. वजनदार मूल रात्री मोठ्याने घोरत असेल, तर ‘गाढ झोप’ म्हणून कौतुक करू नका. श्वासाचा अडथळा असू शकतो. ते लंगडू लागले किंवा मांडी, गुडघा, कंबर दुखते म्हणाले, तर खेळ लगेच थांबवून त्याच दिवशी तपासून घ्या; वाढीच्या वयात खुब्याचा सांधा सरकण्याचा धोका अशा मुलांना अधिक असतो. साठ मिनिटे एकदम होण्याची गरज नाही. दहा-दहा, वीस-वीस मिनिटे मिळून झाली तरी चालतात. आणि स्वतःच्या प्रकृतीचा सल्ला घेऊन तुम्हीही खाली उतरा. पासष्टीनंतर आपणांसही आठवड्याला किमान दीडशे मिनिटांची हालचाल आणि तोल सावरण्याचा सराव हवाच असतो. तो नातवंडांच्या सोबतीने व्हावा, याहून सुखाची गोष्ट कोणती?

तरीही भीती पूर्ण गेलेली नाही. मागच्या महिन्यात तो पडला. गुडघा फुटला, रक्त आले. जखम धुऊन मी सूनबाईची वाट पाहत बसले, मनातून धास्तावलेली. ती आली, गुडघा पाहिला आणि म्हणाली, "आई, वर्षभरात पहिल्यांदा खेळून गुडघा फोडून घेतलाय त्यानं. बरं झालं." आम्ही दोघीही हसलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले.

आता शनिवारची आंघोळ तो स्वतःच करतो. मी फक्त तेल लावते. मान पुढे आली, की त्या फिकट पट्ट्यावरून बोटे हलकेच फिरवते, घासत नाही. आणि संध्याकाळी आता सज्जातून हाक मारण्याची पाळी माझ्यावर येत नाही. चार वाजले, की तळमजल्यावरून त्याचाच आवाज येतो, "आजी, लवकर खाली ये! लगोरी रचलीय."